काचेमागची घोंगडी

माझ्या सासूला कुणी "कुठं राहता?" असं विचारलं की ती म्हणते, "वाडा सध्या विजापूर रोडला हाय." वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. सोलापुरात विजापूर रोडला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत, मेंढरू एकही नाही, आणि तळ हलवायचं म्हटलं तर माझं शिवणयंत्रच खाली उतरवायला चार माणसं लागतील. पण केराबाईच्या तोंडातलं ते 'सध्या' काही जात नाही.

मी सोनाली, तिची सून. माझं माहेर मोहोळचं. आमच्या घरातली मेंढरं आजोबांच्या काळातच संपली होती, त्यामुळं मेंढी कुठली आणि शेळी कुठली एवढंच मला कळतं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. पण या हकिकतीत मी ते घेणार आहे, कारण 'आमचे हे' म्हणण्याइतका माझा राग अजून उतरलेला नाही. अजिनाथ. घेतलं नाव.

केराबाईला मी आत्या म्हणते. ती मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाची, जिथं पाऊस चुकून येतो आणि ओळख न दाखवता जातो. तिचं सगळं आयुष्य घोड्याच्या मागं चालण्यात गेलं. घोड्यावर भांडी, भांड्यांवर जाळी, जाळीत कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यांत वर बांधलेला अजिनाथ. पुढं सासरे, म्हणजे हरिबामामा, मेंढरं घेऊन. रोज नवीन माळ, तीन दगड मांडले की चूल. एकदा लांडगा कळपाजवळ आला तेव्हा मामा पाणी आणायला गेले होते. आत्यानं चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि शिव्या देत लांडग्याच्या मागं धावली. "लाकडाला न्हाय भ्याला त्यो," ती सांगते, "शिव्यांना भ्याला."

मामा गेल्यावर मेंढरं विकली आणि ती आमच्याकडं आली. पहिले काही दिवस ती सिटीबसला हाका मारून वाटेतून बाजूला हो म्हणायची. मग रुळली. गॅलरीत बसून टकळीवर लोकर कातत बसायची, जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांची चौकशी करायची, आणि कुणी आजारी पडलं की हुलग्याचं माडगं करून पाठवायची. समोरच्या सायराबानूचे गुडघे त्या माडग्यानंच बरे झाले असा सायराबानूचा ठाम समज आहे. दोघींची गट्टी अशी जमली की मला स्वयंपाकघरात एकटीनंच बोलावं लागायचं.

आता घोंगडीचं सांगते, कारण सगळं त्या घोंगडीपाशी येऊन थांबतं.

कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर असते तिला जावळ म्हणतात. लई मऊ. लग्नानंतरच्या पहिल्या कातरणीचं जावळ आत्यानं साठवलं, स्वतः कातलं आणि गावच्या सणगराकडून मामांसाठी काळी घोंगडी विणून घेतली. मामांची ती जन्मभराची सोबतीण. थंडीत पांघरूण, पावसात खोळ, उन्हात सावली. अजिनाथ जन्मला तोही त्याच घोंगडीवर, कुठल्याशा माळावर. एकदा चुलीची ठिणगी उडून तिचा कोपरा जळाला. काळी लोकर हाताशी नव्हती, म्हणून आत्यानं पांढऱ्या लोकरीनं भोक भरलं. वाटोळं, बुबुळाएवढं. मामा बघून म्हणाले, "केरे, घोंगडीला डोळा काडलास की! आता मी झोपलो तरी मेंढरावर नजर ऱ्हाईल."

आमच्या भावकीत एक रीत आहे. धनगर गेला की त्याची घोंगडी वर्षभर घरात घडी घालून ठेवायची. घडी मोडायची नाही, कुणी अंगावर घ्यायची नाही. वर्ष भरलं की थोरल्या मुलानं ती खांद्यावर टाकून अनवाणी गावच्या बिरोबाला न्यायची. देवापुढं ठेवायची, पुजारी तिच्यावर भंडारा उधळतो, आणि मग ती घडी कायमची देवाची. पुन्हा कुणी उलगडायची नाही. बायकोनं त्या दिवशी देवळात जायचं नाही, घरीच बसून वाट बघायची. मुलगा परत येतो, आईच्या कपाळाला तोच भंडारा लावतो आणि सांगतो, "पोचला गं." बस्स. त्या एका शब्दावर बाई मोकळी होते. दुसऱ्याच्या अंगावर गेलेली घोंगडी मात्र देवाला चालत नाही. ती गेली ती गेलीच.

मामांचं वर्ष भरलं तेव्हा मी दोन जिवांची होते, तरी पहाटे उठून पुरणाचा नैवेद्य केला. अजिनाथ घोंगडी खांद्यावर टाकून निघाला. आत्या दिवसभर उंबऱ्यात बसून होती. पाणी प्यायली नाही. संध्याकाळी तो आला, तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाला, "पोचला गं आई." ती रडली आणि मग पोटभर जेवली. मीही डोळे पुसले. आता आठवलं की ते डोळे पुसल्याचीसुद्धा मला चीड येते.

त्यानंतर दर अमावस्येला आत्या एसटीनं गावी जायची. बायकांना गाभाऱ्यात जाता येत नाही. पायरीवरून तिला आत भंडाऱ्यानं पिवळी झालेली घडी दिसायची. तिला ती डोकं टेकवायची आणि परत येऊन माझ्याजवळ लटकी तक्रार करायची, "म्हातारं बघत न्हाय गं माज्याकडं. डोळा आतल्या घडीत गेलाय त्याचा."

तोवर अजिनाथ उसाच्या ट्रॅक्टरवर होता. हंगामात श्रीपूरला कारखान्यावर, एरवी मिळेल ते. घोंगडी देवाला पोचली आणि महिनाभरातच त्याला नोकरी लागली. सोलापूरच्या बाहेर एका संस्थेनं डोंगरमाळावरच्या जमातींचं संग्रहालय नव्यानं उभारलं होतं, तिथं दालनाचा रक्षक. निळा गणवेश, छातीवर नावाची पट्टी, सावलीतलं काम. मी पेढे वाटले. आत्यानं अख्ख्या इमारतीत सांगितलं, "माजा धनी बिरोबापाशी पोचला आन् त्यानं तितनं पोराची सोय लावली." सायराबानू म्हणाली, "ऊपरवाला सबका सुनता है." अजिनाथ ऐकत होता. मान खाली घालून पेढा खात होता.

एक गोष्ट मात्र आम्हाला कळत नव्हती. आत्यानं संग्रहालय दाखव म्हटलं की काहीतरी आडवं यायचं. आज रंगकाम आहे, उद्या सुट्टी आहे, परवा मोठे पाहुणे येणार आहेत. "एवढं रंगवत्यात म्हंजी भिंती हायत का हळदीच्या नवऱ्या?" आत्या म्हणायची. मला वाटायचं, याला आईच्या नऊवारीची आणि मोठ्या आवाजाची लाज वाटते. तेवढाच राग मी त्याच्यावर धरला होता. खरं कारण त्याहून वाईट असेल असं मनातही आलं नाही.

मग सायराबानू तिच्या बचत गटाबरोबर संग्रहालय बघून आली आणि थेट आमच्या घरात घुसली. "केराबाई, तुमारेच लोगां का सब रखेले है वहाँ! मेंढरां, कुत्ते का काट्यां का पट्टा, घोंगडी, सब. चलो, मैं दिखाती." त्या दिवशी अजिनाथ डबा विसरून गेला होता. निमित्त मिळालं. आत्यानं पेटीतलं इरकल काढलं, कपाळाला भंडारा लावला, भंडाऱ्याची पिशवी नेहमीसारखी कमरेला खोचली, आणि आम्ही तिघी रिक्षात बसलो. "पोरगं दचकलं पायजे," ती म्हणाली. खूष होती. मीही होते.

तिकीट काढून आत गेलो. पहिलं दालन सातपुड्याचं, भिल्ल-पावरा लोकांचं. चांदीचे जाडजूड दागिने, होळीला घालायचे मोरपिसांचे टोप. आत्या काचेला नाक लावून म्हणाली, "येवडं अंगावर घालून डोंगर चडायचा म्हंजी बाई घट्टच पायजे." पुढं मेळघाटातले कोरकू, मग सह्याद्रीतले ठाकर आणि महादेव कोळी. मातीची चूल बघून सायराबानूला तिची नानी आठवली. आत्या एकेका वस्तूपुढं थांबत होती, हे कशाला, ते कशाला विचारत होती. मला वाचता येत होतं तेवढं मी वाचून दाखवत होते.

"ही मानसं आपली न्हाईत," ती म्हणाली, "पर वळखीची वाटत्यात. उंचावर ऱ्हानाऱ्याला पानी लांब आसतं. बघ, समद्यांच्या घागरी कशा बारक्या तोंडाच्या." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "एक मातर वाईट वाटतंय. कुनी घरात नसताना त्येंचं घर उचकटून बघतोय गं आपन."

शेवटचं दालन धनगरांचं होतं. दारापाशी अजिनाथ उभा असेल म्हणून मी डबा पुढं केला, पण तो दालनाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथं संस्थेचे व्यवस्थापक शिवयोगी साहेब बाहेरगावच्या पाहुण्यांना काही समजावून सांगत होते आणि हा मागं हात बांधून उभा होता. त्यानं आम्हाला पाहिलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला हसूच आलं. म्हटलं, दचकला.

आत्याचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. मधोमध मोठ्या काचेत एक मेंढपाळ उभा केला होता, प्लॅस्टरचा. लाल पागोटं, हातात काठी, शेजारी दोन मेंढरं. अंगावर काळी घोंगडी. घोंगडीचा एक कोपरा खांद्यावरून पुढं आला होता, आणि त्या कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीचा वाटोळा डोळा होता.

मला ते उमगायला वेळ लागला. तिला लागला नाही. ती चालत काचेपर्यंत गेली आणि त्या पांढऱ्या डोळ्यासमोर काचेवर तळवा टेकवून उभी राहिली. मग कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा घेतला आणि काचेवर, बरोबर त्या पुतळ्याच्या कपाळासमोर लावला. तिचे ओठ हलत होते. सायराबानूनं माझा दंड धरला.

शिवयोगी साहेबांनी पाहिलं. ते रागावले नाहीत, सवयीनं म्हणाले, "अजिनाथ, बघा जरा तिकडं."

अजिनाथ आला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. आईच्या शेजारी उभा राहिला आणि साहेबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "ओ आजी, काचेला हात लावायचा नसतो."

आजी. जिच्या पोटी जन्मला तिला. त्याच घोंगडीवर.

आत्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मग पदराचं टोक घेऊन काचेवरचा भंडारा तिनं स्वतःच पुसला, डाग राहू नये म्हणून दोनदा. "चुकलं, साहेब," ती म्हणाली, आणि दाराकडं चालू लागली. मी डबा अजिनाथच्या हातात आदळला. पाहुणे पुतळ्याचे फोटो काढत होते.

बाहेर आवारात लिंबाचं झाड आहे. आत्या बुंध्याशी बसली, सायराबानू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पाहुणे गेल्यावर अजिनाथ आला. टोपी हातात.

"आई, साहेब हुते तितं. पावनी मंडळी हुती. मी काय म्हनायला पायजे हुतं?"

"आई म्हणायचं होतं," मी म्हणाले.

आत्यानं मला हातानं थांबवलं. तिनं विचारलं ते वेगळंच होतं. "देवाला काय दिलंस?"

तो टोपीची कड चाचपू लागला.

"घडी हाय तितं. मी बगती की दर आवसेला. काय हाय ते?"

"बाजारातनं घेतल्याली." आवाज इतका बारीक की सायराबानूनं पुढं वाकून ऐकलं. "नवी हुती आई. चांगली हुती."

"म्हंजी मी कुनापुडं डोकं टेकवत हुते रं?"

माणूस गप्प बसला तर तो माणूस कसला. अजिनाथ बोलत सुटला. देवळात उंदीर आहेत, दोन पावसाळ्यांत घोंगडीची माती झाली असती. इथं काचेत आहे, कसर लागत नाही, शाळेची पोरं येतात, आबाला, म्हणजे मामांना, बघतात. संस्थेचे लोक तेव्हा जुन्या वस्तू शोधत फिरत होते, आणि वस्तू देणाऱ्या घरातल्या माणसाला कामावर घेऊ म्हणाले होते. त्यांनी घरच्यांची संमती आहे ना विचारलं, तर यानं सांगितलं, आईनंच स्वतःच्या हातानं दिली. आज आईनं साहेबांसमोर रडारड केली असती तर ते उघडं पडलं असतं. "मला ट्रॅक्टरवरनं सुटायचं हुतं आई. सोनी दोन जिवाची हुती. हंगामभर मी श्रीपूरला, हिकडं काय झालं आसतं म्हंजी?"

"माझं नाव पुढं करू नका," मी म्हणाले. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

आत्या म्हणाली, "मागायची की रं मला."

"तू न्हाय म्हनली आसतीस."

"मंग न्हाय ऐकून घ्यायचं हुतं."

एवढं साधं. मला आजवर असं एक वाक्य सुचलेलं नाही. ती पुढं म्हणाली, "माज्या कपाळाला बोट लावलंस. पोचला म्हनलास. तवा तुजं बोट..." आणि थांबली. पोराचा हात झडो असं तिच्या तोंडात आलं होतं, मी बघितलं. लांडग्याला शिव्या देणारी बाई ती. पण तिनं तो शब्द गिळला, आणि गिळताना तिला किती कष्ट पडले तेही मी बघितलं.

अजिनाथ रडायला लागला. म्हणाला, आत्ता जातो, साहेबांना खरं सांगतो, घोंगडी सोडवून आणतो, नोकरी गेली तर जाऊ दे.

"आनून कुटं नेऊ?" आत्या म्हणाली. "घडी मोडली. दुसऱ्याच्या अंगावर गेली. देव घेत न्हाय ती आता. ऱ्हाऊ दे त्याला तितंच हुबा. जलमभर हुबाच हुता."

ती उठली. रिक्षात तिनं कपाळावरचा भंडारा पदरानं पुसून टाकला. भंडारा नसलेलं तिचं कपाळ मी पहिल्यांदाच बघितलं.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आत्या त्याला वाढते, त्याचा गणवेश वाळत घालते, सृष्टी आमची लेक, तिला त्याच्या मांडीवर देते. फक्त त्याला आता 'अजू' म्हणत नाही. साहेब म्हणते. टोमणा म्हणून नाही, आवाज अगदी सरळ असतो. "साहेब, भाकरी वाडू का?" पहिल्या दिवशी तो ताटावरून उठून गेला. आता उठत नाही. भाकरी वाढून घेतो.

गावच्या देवळात ती जात नाही. "बाजारातल्या घोंगडीला किती डोसकं टेकू," म्हणते. अमावस्येला ती इरकल नेसते आणि मला म्हणते, "चल." आम्ही रिक्षानं संग्रहालयात जातो. संस्थेनं अजिनाथची जागा बदलून आता मुख्य दारावर दिली आहे, येणाऱ्यांची तिकिटं बघून फाडायची. पहिल्यांदा त्यानं आम्हाला तसंच आत सोडायला हात केला. "तिकीट कशाला आई, ये की," तो म्हणाला. ती जागची हलली नाही. "हितं मी तुमची कोन न्हाय, साहेब," म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन शाळेच्या पोरांच्या मागं रांगेत उभी राहिली.

आत ती कुठंच थांबत नाही, भिल्लांपाशी नाही की ठाकरांपाशी नाही. थेट शेवटच्या दालनात जाते, काचेपासून हातभर लांब उभी राहते, दोन्ही हात पाठीमागं धरून, आणि त्या पांढऱ्या डोळ्याकडं बघते. काचेला हात लावत नाही.

परवाच्या अमावस्येला परत येताना मी तिला बरं वाटावं म्हणून बोलून गेले. म्हटलं, "आत्या, एक तरी बरं झालं. देवळात डोळा घडीत झाकलेला होता असं तुम्हाला वाटायचं. इथं मामा तुम्हाला बघतात तरी."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. तिच्या हातात अर्धं फाडलेलं तिकीट होतं.

"व्हय की," ती म्हणाली. "आता बघतंय म्हातारं. आन् बघतंय काय, तर पोरगं आईचं तिकीट फाडतंय."